आपले दिवस घरात यावेत
(महिला मंडळाच्या मेळाव्यातील भाषण)



सहा डिसेंबरपासून माघ पौर्णिमेपर्यंत आपल्या वस्तीतला मांडव उतरतच नाही. महापरिनिर्वाण दिन, पंचवीस डिसेंबरचा मनुस्मृती दहन दिन, एक जानेवारीचे भीमा कोरेगावचे अभिवादन, तीन जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, चौदाला नामविस्तार दिन, एकतीसला 'मूकनायक'चा वर्धापन दिन, सात फेब्रुवारीला माता रमाईंची जयंती. मधल्या पौर्णिमा आणखी वेगळ्या. आणि तरीही याच थंडीच्या दिवसांत आपल्यातल्या काही घरांत मार्गशीर्षातले गुरुवार धरले जातात, कलश मांडला जातो, संक्रांतीला हळदीकुंकवाची बोलावणी होतात. दार लोटून होतात, पण होतात. आज याच गोष्टीवर आम्हाला बोलायचे आहे.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे व्यासपीठावरून बायकांना फैलावर घेणे. बावीस प्रतिज्ञा वाचून दाखवायच्या आणि विचारायचे, "कुठे गेली तुमची प्रतिज्ञा?" प्रतिज्ञांविषयी आमच्या मनात तिळमात्र किंतु नाही. पण रागावण्याआधी जरा बघावे, त्या गुरुवारात आमच्या भगिनीला मिळते तरी काय? शेजारच्या पाचसात जणी तिच्या घरी येतात. ती स्वतः पोथी हातात घेते आणि मोठ्याने वाचते, बाकीच्या ऐकतात. मुलांच्या हातावर केळ्याची फोड पडते. तो दिवस तिचा असतो, तिच्या घरातला असतो. आता आपला कार्यक्रम बघा. चौकात, रात्री नऊनंतर. हारतुरे, आठ वक्ते आणि लांबलेले आभारप्रदर्शन. भगिनी मांडवाच्या मागच्या बाजूला, मांडीवर पेंगणारे लेकरू, आणि मन घरी झाकून ठेवलेल्या भाकरीकडे. जुने सण सोडले तेव्हा घरात जी जागा रिकामी झाली, ती आपण चौकात भरायला गेलो. घरातली जागा रिकामीच राहिली. रिकाम्या जागेत काहीतरी येऊन बसतेच.

खरे म्हणजे आपल्या या दिवसांत घराला देण्यासारखे पुष्कळ आहे. ६ डिसेंबर १९५६ हा दिवस घ्या. तो गुरुवार होता, आणि मार्गशीर्षातलाच गुरुवार होता. त्या पहाटे दिल्लीला बाबासाहेबांचे निर्वाण झाले. दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले आणि तिथेच, त्या दुःखात, भदन्त आनंद कौसल्यायन यांच्याकडून हजारो लोकांनी धम्मदीक्षा घेतली. आपल्या आजी-आजोबांपैकी कितीतरी जण तेव्हाच बौद्ध झाले. ज्या घरात हे माहीत आहे, त्या घरात त्या दिवशी एक मेणबत्ती, त्रिशरण-पंचशील आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातली दोन पाने एवढे पुरे आहे. तो दुखवट्याचा दिवस आहे. त्या दिवशी कर्णा लावून गाणी वाजवणे आम्हाला पटत नाही, मग गाणी कोणाचीही असोत.

पंचवीस डिसेंबरविषयी थोडे सविस्तर बोलू. १९२७ साली महाडला परिषदेसाठी जागा द्यायला कोणी पुढे येईना, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडला गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी. ते जन्माने ब्राह्मण होते. त्याला अनुमोदन दिले पां. ना. राजभोज यांनी. हे सारे आपल्या भाषणांतून येते. पण परिषदेनंतर बाबासाहेबांनी तिथे जमलेल्या स्त्रियांची वेगळी सभा घेतली, ते फारसे येत नाही. अस्पृश्य म्हणून ओळखू येईल असे लुगडे नेसणे सोडा, तसले दागिने सोडा, मुलींना शाळेत घाला, असे त्यांनी सांगितले आणि अनेकींनी लुगड्याची तऱ्हा तिथेच बदलली. त्या ग्रंथाचा जाच सर्वांत जास्त सोसला तो स्त्रीने. तेव्हा पंचवीस डिसेंबरला व्यासपीठावर पहिली खुर्ची कोणाची, हे सांगायला नको!

आता चौदा जानेवारी. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ रोजी झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. पोचीराम कांबळे यांच्यासारखी माणसे मारली गेली. लाँग मार्च निघाले, लोक तुरुंगात गेले, गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. साडेपंधरा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ रोजी, नामविस्तार झाला. त्या दिवशी संक्रांत होती. आजही आपल्या घरात या दोन गोष्टी एकाच तारखेला समोरासमोर उभ्या राहतात. शेजारणीचा तिळगूळ नाकारावा असे आम्ही म्हणत नाही. गोड शब्दाला कसली जात? प्रश्न हळदीकुंकवाचा आहे. तिथून विधवेला वगळतात. शहीदांच्या विधवा ज्या समाजात आहेत, त्याने हा मान कुठल्या तोंडाने वाटावा?

यावर एक जुना दाखला आहे. १८५२ सालच्या जानेवारीत पुण्यात सावित्रीबाईंच्या महिला सेवा मंडळाने तिळगुळाचा समारंभ केला. कुठल्याही जातीची बाई येवो, सर्वांना एकाच जाजमावर बसवले जाईल, असे आमंत्रणातच सांगितले होते. बायका एकत्र येतात तो दिवस त्या माउलीने हातचा जाऊ दिला नाही, त्यातले जातीचे विष तेवढे काढून टाकले.

पौर्णिमांचेही तसेच. मार्गशीर्ष पौर्णिमेला सिंहली बौद्ध लोक संघमित्रेची आठवण करतात. अशोकाच्या या लेकीने बोधिवृक्षाची फांदी लंकेला नेली. गुरुवारच्या कहाणीपेक्षा ही गोष्ट आपल्या मुलींना अधिक आवडेल, अशी आमची खात्री आहे.

आणखी एक. जानेवारीत आपली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला गेलेली असतात. सावित्रीबाईंच्या फोटोला इकडे हार पडतो आणि आपलीच लेक फडात धाकट्याला सांभाळत बसलेली असते. जयंतीच्या वर्गणीचा पहिला रुपया तिच्याकडे गेला पाहिजे. ती मागे राहून शाळेत जाऊ शकेल, अशी तिच्या राहण्या-जेवणाची सोय इथे व्हावी.

तेव्हा आमची सूचना अशी. यंदा सहा डिसेंबरची वंदना घरोघरी व्हावी आणि ग्रंथवाचन घरातल्या बाईने किंवा मुलीने करावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्याकडे महिला मंडळाच्या भगिनी जातील. पंचवीस डिसेंबरची सभा दुपारी तीनला घ्यावी, म्हणजे दिवेलागणीला सर्वांना घरी जाता येईल. वक्ते दोनच, त्यांत एक स्त्री. चौदा जानेवारीला विहारात एकच सतरंजी अंथरावी, विधवा भगिनींना आग्रहाने बोलवावे, तिळगुळाबरोबर प्रत्येकीला एक पुस्तक द्यावे आणि नामांतराच्या लढ्यात ज्यांनी लाठ्या खाल्ल्या त्या आयाबायांना बोलते करावे. त्या आता थकल्या आहेत. पुस्तकांच्या खर्चासाठी मांडवाची एक कमान कमी केली तरी चालेल. नावे आजच सभा संपल्यावर कार्यवाहांकडे द्यावीत.

जयभीम! जय भारत!