मासे नव्हे, पाणी पाळायचं



शिंदखेड्यासारख्या गावात घरात मत्स्यालय ठेवायचं, तर आधी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं. आमच्या गल्लीतल्या एका पोरानं तो मला तोंडावरच विचारला होता, "चाचा, आमले पेवाले पानी नई, आन् तुमीन मासास्ले हौद बांधा!" पोरगा खोटं बोलला नाही. उन्हाळ्यात आमच्याकडे नळ रोज येत नाही. पावसाळा सरला की बुराई नदीची वाळू उघडी पडते. तालुक्याच्या उत्तरेला तापी आहे, मुडावदला पांझरा तिला मिळते, सुलवाड्याला बॅरेज आहे. पण तालुक्यात नदी असणं वेगळं आणि घरात पाणी असणं वेगळं.

म्हणून आधी हिशेब सांगतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत काठोकाठ भरलं तर छप्पन्न लिटर पाणी मावतं. आपण भरतो पन्नास. ते एकदाच. पुढे आठवड्याला दहा लिटर बदलायचं, म्हणजे अंघोळीची बादलीसुद्धा भरत नाही. आणि काढलेलं पाणी गटारात जात नाही. त्यात माशांच्या विष्ठेतून आलेलं नत्र असतं. आमच्याकडे ते पुदिन्याला आणि मिरचीच्या कुंड्यांना जातं. वाहत्या नदीकाठी वजू करतानाही पाणी उधळू नये, अशी शिकवण लहानपणी मिळाली, ती इथंही लागू पडते.

काचेची टाकी ही तशी अलीकडची गोष्ट. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं, मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली. पण पाण्यात मासे राखायची आपली रीत त्याहून जुनी आहे. विहिरीत मासे-कासव सोडणारे लोक आपण. मुंबईच्या जामा मशिदीतल्या जुन्या तलावात वजू करणाऱ्यांच्या पायाशी मासे फिरतात. पाणी जिवंत आहे, याची ती खूण.

आता मुद्द्याकडे येतो. मासे कुणी पाळत नाही. पाळायचं असतं पाणी. मासा त्याच पाण्यात श्वास घेतो, खातो आणि घाणही करतो. त्या घाणीतून अमोनिया तयार होतो, तो विषारी. काही सूक्ष्म जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य. हे जिवाणू बाजारातून पिशवीत येत नाहीत. ते वाळूवर, फिल्टरच्या स्पंजावर हळूहळू वसतात. त्याला चार ते सहा आठवडे लागतात. दुकानदार टाकी आणि डझनभर मासे एकाच दिवशी विकतो, आणि पंधरवड्यात मासे पोट वर करून तरंगतात. मग लोक म्हणतात, आम्हाला मासे लाभत नाहीत. लाभण्याचा प्रश्नच नसतो. सुरुवातीला चार-पाच मासे ठेवा, दाणा अगदी चिमटीएवढा टाका, आणि ओळखीत कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्यातला स्पंज आपल्या टाकीत पिळून घ्या. तो स्पंज नळाखाली मात्र कधी धुवू नये. नळाच्या पाण्यात टीसीएल असतं; जंतू मारायला घातलेली ती पावडर आपले कामाचे जिवाणूही मारते. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो खंगाळावा. बदलायचं पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवलं की क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर हायपोचे दोन-चार खडे. जुन्या फोटोग्राफरांच्या डार्करूममधला हायपो, तोच हा.

टाकी भरल्यावर साठ-सत्तर किलोंची होते, तेव्हा स्टँड मजबूत हवा आणि काचेखाली थर्माकोलचा तुकडा हवा. तळाला नदीची वाळू चालेल, पाणी निवळेपर्यंत धुवून. दगड घेताना त्यावर लिंबू पिळून पाहा. फेस आला तर त्यात चुना आहे, तो नको. कारण आमच्या बोअरचं पाणी आधीच इतकं जड आहे की भांड्यांवर पांढरा थर बसतो. ॲमेझॉनच्या मऊ पाण्यातले निऑन टेट्रा, डिस्कस या पाण्यात टिकत नाहीत. गप्पी, मॉली, प्लॅटी यांना मात्र हेच पाणी मानवतं. गावाच्या पाण्याला साजेल तो मासा आणावा. गोल्डफिश मोठा होतो, घाणही फार करतो. त्याला काचेच्या गोल भांड्यात ठेवणं हा छळ आहे. रोमच्या नगरपालिकेनं २००५ साली त्यावर बंदीच घातली.

खरी परीक्षा मे महिन्यात. पाणी जितकं तापतं, तितका प्राणवायू त्यात कमी मावतो. वीस अंशांना लिटरमागे नऊ मिलिग्रॅम, पस्तीसला जेमतेम सात. त्यात वीज गेली की हवेचा पंप बंद. म्हणून टाकी पश्चिमेच्या भिंतीला कधी लावू नये. झाकण काढून जाळी टाकावी आणि पंख्याची हवा पाण्यावरून जाऊ द्यावी. माठ ज्या कारणानं गार होतो, त्याच कारणानं टाकीही दोन-तीन अंश उतरते. बर्फ ओतू नये, मासा एकदम गारठतो. वीज गेल्यावर बॅटरीचा पंप नसेल, तर तांब्यानं पाणी उंचावरून परत टाकीतच ओतत राहावं. घरातली मुलं हे काम आनंदानं करतात. हिवाळ्यात धुळ्याकडची रात्र बोचरी असते, तेव्हा पन्नास वॅटचा हीटर लावावा.

त्या पोराला मी पुढे जे दाखवलं, ते सांगतो. नळ रोज येत नाही म्हणून आपण पाणी साठवतो, आणि साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच डेंग्यूचा डास अंडी घालतो. आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. गप्पी मासा त्याच्या अळ्या खातो. आरोग्य खात्याची माणसं हेच मासे हौदात सोडतात. गप्पी अंडी घालत नाही, पिल्लंच देते, साधारण महिन्याला एकदा आणि डझनांनी. टाकीत पाणवनस्पतींचा आडोसा असेल तर आईच्या तोंडातून बरीच पिल्लं वाचतात. ती आमच्या गल्लीतल्या वापराच्या पाण्याच्या हौदांत आणि ड्रमांत जातात. पिण्याचं पाणी झाकलेलंच ठेवायचं. तो पोरगाही एकदा काचेच्या बरणीत सात पिल्लं घेऊन गेला.

पण हौदात म्हणजे हौदातच. बुराईत, तापीत, गावतळ्यात घरचा मासा सोडू नये. गप्पी नाही आणि काच साफ करायला आणतात तो सकर तर मुळीच नाही. परदेशातून शोभेसाठी आलेला हा सकर उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात येऊ लागला आहे. खायला कुणी घेत नाही, वर त्याच्या काटेरी अंगानं जाळी फाटतात. हौस आटली, तर मासे दुकानदाराला परत द्यावेत किंवा दुसऱ्या हौशी माणसाला. घेणारा कुणीतरी मिळतोच.