वह्या आणि विहीर
(संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमातील भाषण)



'लेखन कशासाठी?' हा विषय मला दिला आहे. लेखक म्हणवून घेण्याइतके मी लिहिलेले नाही. म्हणून ज्यांनी खरोखर लिहिले, त्या फलटणच्या बेबीताई कांबळे यांच्याविषयी बोलतो.

बेबीताईंचे घरातच छोटे दुकान होते. माल बांधायला आणलेली रद्दी त्या वाचत आणि सवड मिळाली की लिहीत. नवऱ्याला कळू नये म्हणून कागद लपवून ठेवीत. हे वीसेक वर्षे चालले. पुढे फलटणला राहणाऱ्या अभ्यासक मॅक्सिन बर्नसन यांच्या प्रोत्साहनाने ते लेखन 'स्त्री' मासिकातून आणि १९८६ साली 'जिणं आमुचं' या पुस्तकातून लोकांपुढे आले.

गावाने केलेला अन्याय सांगताना त्यांनी घरातला अन्याय झाकला नाही. सासरहून पळालेल्या सुनेच्या पायात लाकडी खोडा अडकवीत, तेही लिहिले. 'घरची लक्तरे वेशीवर टांगू नका' म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत. पण ही लक्तरे कोणामुळे नेसावी लागली हे सांगायचे, तर ती दाखवावीच लागतात! बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढला, तो मुक्यांना वाचा फुटावी म्हणून. ती वाचा घराच्या उंबऱ्याआतही चालते, हे बेबीताईंनी दाखवले.

स्मरणिकेसाठी येणारे लेख मी वाचतो. बहुतेकांत तीच ती विशेषणे असतात. ती खोटी नाहीत. पण ती लिहायला स्वतःची आठवण लागत नाही. माझी आई १९५६ साली दीक्षेला नागपूरला गेली होती. भाड्यासाठी काय विकले, रात्री कुठे पाठ टेकली, परत आल्यावर घरातले देव कोणत्या विहिरीत टाकले, हे ती कितीदा सांगे. मी, शिकलेला मुलगा, एक ओळ उतरवून घेतली नाही. आई गेली. त्या विहिरीचे नाव आता मला आठवत नाही, आणि सांगणारे कोणी उरले नाही.

म्हणून येथे बसलेल्या आयाबायांना विनंती आहे. शुद्धलेखनाची चिंता करू नका, ते संपादक मंडळ पाहील. हात चालत नसेल तर नातवाला जवळ बसवा. आणि नातवंडांनो, आजी बोलेल तसेच लिहा. तिच्या 'व्हतं'चे 'होते' करू नका. कोऱ्या वह्या वाचनालयात आणून ठेवल्या आहेत. जाताना घेऊन जा.

जय भीम.