खिशांतील वाटाड्या



सह्याद्रींत हिंडणाऱ्या मंडळींत एक प्रश्न वारंवार निघतो : खिशांत मोबाईल असतां जीपीएसचें वेगळें यंत्र विकत कशास घ्यावें? प्रश्न पैशांचा वाटतो. परंतु पावसाळ्यांत हरिश्चंद्रगडावर धुकें उतरून दहा पावलांवरची वाट दिसेनाशी झाली, कीं तो जिवाचा होतो. कारण त्या गडाची पश्चिमेची कड म्हणजे कोंकणकडा.

प्रथम एक गैरसमज दूर करूं. डोंगरांत नेटवर्क गेलें म्हणजे मोबाईलचें जीपीएसहि गेलें, असें पुष्कळांस वाटतें. तसें नाहीं. सुमारें 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह आपली वेळ व आपलें स्थान अखंड सांगत असतात. निदान चौघांचे संदेश मिळाले, कीं ते पोंचावयास किती वेळ लागला यावरून यंत्र आपलें ठिकाण काढतें. आपण आतां रेडिओ ऐकत आहां, तसेंच तें केवळ ऐकतें. उत्तर देत नाहीं.

नेटवर्काची मदत होते ती दोन गोष्टींत. उपग्रह कोठें आहेत हें मोबाईलला आगाऊ कळतें, म्हणून पहिलें ठिकाण चटकन लागतें; एरवीं तीच माहिती उपग्रहाकडून ऐकून घेण्यांत अर्धा मिनिट, क्वचित् कांहीं मिनिटें जातात. दुसरी गोष्ट नकाशाची. नेटवर्क नसलें तरी निळा ठिपका आपल्या जागीं उभा राहतो, पण त्याच्या खालचा पडदा कोरा असतो! घरूनच नकाशा उतरवून घेतला असल्यास ही अडचण उरत नाहीं.

मग वेगळ्या यंत्राचा लाभ कोणता? एक एरियलचा. मोबाईलच्या अंगांत एरियलला जागा थोडी. वेगळ्या यंत्रांत ती पुरेशी असते. उघड्या माळावर दोहोंत फारसा फरक पडत नाहीं. चांगला मोबाईलहि सुमारें 5 मीटरांच्या आंत ठिकाण सांगतो. दाट झाडींत संदेश क्षीण होतो, तेथें मोठें एरियल सरस ठरतें. कड्याच्या पोटाशीं मात्र संदेश खडकावर आपटून वळशानें येतो, आणि त्या प्रतिध्वनीनें दोन्ही यंत्रें फसूं शकतात.

दुसरा, आणि माझ्या मतें मोठा लाभ बॅटरीचा. मोबाईल हाच कंदील, हाच कॅमेरा, हाच नकाशा; आणि वाट चुकल्यावर मदतीस हांक मारावयाची तीहि त्यावरूनच. वाट शोधण्यांत बॅटरी संपली, तर हांकहि संपली. हातांत धरावयाचीं कित्येक यंत्रें साध्या सेलवर चालतात. सेल बदलले, कीं पुन्हां तयार. घेतांना एवढें पाहावें, कीं त्या यंत्राला स्वतःचा पडदा व नकाशा आहे. कांहीं यंत्रें बिनतारी मार्गानें मोबाईललाच ठिकाण पुरवितात. मोबाईल बंद पडला, कीं तीं मुकीं होतात.

सारांश, शहरांत आणि मळलेल्या वाटेवर मोबाईल पुरेसा आहे. सोबत उतरवलेला नकाशा व एक पॉवर बँक असावी. दहा जणांना घेऊन आडवाटेनें जाणाऱ्यानें वेगळें यंत्र जरूर बाळगावें. परंतु कड्याच्या कडेला 5 मीटरांची चूक कांहीं लहान नव्हे. धुकें दाटलें, तर जेथें असाल तेथें थांबा; आणि निघण्यापूर्वींच पाचनईचा वा खिरेश्वरचा एखादा माहीतगार वाटाड्या बरोबर घ्या. त्याला एरियलहि लागत नाहीं आणि सेलहि लागत नाहींत.