शिष्यवृत्ती की नावलौकिक?

(कामरगाव, जि. वाशिम येथील एका सेवानिवृत्त शिक्षकाचे नभोवाणीवरील भाषण)



बारावीची परीक्षा आटोपली म्हणजे कायद्याच्या शिक्षणाकडे वळू पाहणाऱ्या मुलांच्या घरी एक प्रश्न हटकून उभा राहतो. एखाद्या नव्या विद्यापीठाकडून पत्र आलेले असते की, प्रवेशपरीक्षेतील गुण पाहून आपले पाचही वर्षांचे शिक्षणशुल्क माफ करण्यात येत आहे. दुसरीकडे अधिक नावाजलेल्या संस्थेत जागा मिळत असते. परंतु तेथील सारा खर्च पदरचा. आई म्हणते, घरबसल्या मिळते आहे ते घ्यावे. मामा म्हणतात, पैसा येतो-जातो, संस्थेचे नाव जन्मभर पुरते. मुलगा बिचारा दोघांच्या तोंडाकडे पाहत राहतो.

शहरातील सुशिक्षित कुटुंबांस हा प्रश्न चुकलेला नाही, आणि आमच्या कामरगावासारख्या गावासही तो चुकलेला नाही. भेद इतकाच की, शहरात घरावर बोजा चढतो आणि आमच्याकडे शेतावर. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलेला नाही आणि कायद्याचे अध्ययनही मी केलेले नाही. परंतु सारी हयात मुलांस शिकविण्यात गेल्यामुळे पालक अद्यापि सल्ल्यास येतात, आणि सल्ला द्यावयाचा तर आधी चौकशी करावी लागते. त्या चौकशीत जे हाती आले ते आज आपणांपुढे ठेवतो.

प्रथम नावलौकिकाचा विचार करू. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमान्वये मिळणारी वकिलीची सनद सर्वांस सारखीच असते. पदवी बंगळूरची असो, मुंबईची असो वा अकोल्याची असो. बार कौन्सिलची अखिल भारतीय परीक्षा सर्वांस एकच, आणि न्यायालयापुढे उभे राहण्याचा अधिकारही एकच. मग नावाचे एवढे स्तोम कशासाठी, असे कोणी विचारील. त्यास उदाहरणेही जवळचीच सापडतील. १४ मे २०२५ रोजी भारताचे सरन्यायाधीश झालेले न्यायमूर्ती भूषण गवई हे अमरावतीचे. त्यांचे कायद्याचे शिक्षणही अमरावतीसच झाले. त्यांच्यापूर्वी २०१९ साली त्या पदावर आलेले न्यायमूर्ती शरद बोबडे हे नागपूर विद्यापीठाचे पदवीधर. तेव्हा विदर्भातील साध्या महाविद्यालयातून देशाच्या सर्वोच्च न्यायासनापर्यंत वाट जाते, याविषयी शंका नको.

परंतु ही उदाहरणे सांगणारे लोक एक गोष्ट बहुधा सांगावयाची विसरतात. न्यायमूर्ती बोबडे यांचे वडील महाराष्ट्राचे महाधिवक्ता होते. न्यायमूर्ती गवई यांचे वडील विधानपरिषदेचे सभापती आणि पुढे राज्यपाल झाले. यात त्या दोघांच्या बुद्धीस वा परिश्रमास उणेपणा येत नाही. परंतु वकिलीच्या व्यवसायात पहिली दहा वर्षे माणूस आपल्या विद्येइतकाच ओळखीवर तगतो, हे कोणत्याही न्यायालयाच्या आवारात तासभर उभे राहिल्यास कळते. ज्येष्ठ वकिलाच्या कचेरीत कोण ठेवून घेणार, पहिला पक्षकार कोठून येणार, हे प्रश्न वकिलाच्या मुलास पडत नाहीत. सोयाबीन आणि कपाशी पिकविणाऱ्याच्या मुलास ते पडतात. अशा मुलापाशी आजोबांची कचेरी नसते, वडिलांचे नाव नसते; त्याच्यापाशी महाविद्यालयाचे नाव तेवढे असू शकते. नावाजलेली संस्था म्हणजे गरिबाच्या मुलाने स्वतःच्या गुणांवर मिळविलेला वशिला होय. यास्तव ‘नावात काय आहे’ असे त्यास सांगणे हा शहाणपणा नव्हे. ज्यांस नावाची गरज नाही त्यांनी ते सांगावे.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांची परंपरा फार जुनी नाही. बंगळूरच्या पहिल्या संस्थेत १९८८ साली अध्यापन सुरू झाले; हैदराबादची १९९८ मध्ये निघाली. महाराष्ट्रात २०१४ च्या अधिनियमान्वये मुंबई, नागपूर आणि आताचे छत्रपती संभाजीनगर अशी तीन विद्यापीठे झाली, आणि त्यांत राज्यातील रहिवाशांसाठी जागा राखून ठेवलेल्या आहेत. अग्रगण्य विद्यापीठांतील मुलांस दिल्ली-मुंबईच्या मोठ्या विधिसंस्था अभ्यासक्रम संपण्यापूर्वीच निवडून घेतात आणि प्रारंभीच वर्षास पंधरा लाखांच्या पुढे वेतन देतात. हे खरे आहे. पण असे भाग्य प्रत्येक विद्यापीठास नाही, आणि एकाच वर्गातील प्रत्येक मुलासही नाही. जाहिरातीत सर्वांत मोठा आकडा छापतात. पालकाने मधल्या मुलास काय मिळाले ते विचारावे.

आता दुसऱ्या पारड्याकडे वळू. शिष्यवृत्ती हे बक्षीस नव्हे, तो एक करार आहे. आणि जो मुलगा पुढे जन्मभर करार वाचणार आहे, त्याने पहिला करार हा वाचावा. या बाबतीत आपल्याकडचे थोर उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी त्यांस दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. ती नसती तर न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ त्यांस दिसले नसते. परंतु शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करीन, असे त्यांस लिहून द्यावे लागले होते. १९१६ साली ते लंडनला गेले, ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव घातले, आणि अभ्यास ऐन भरात असता १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपली. करारास बांधलेले म्हणून ते बडोद्यास रुजू झाले. तेथे अस्पृश्य म्हणून त्यांस राहावयास जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतूनही बाहेर काढण्यात आले, आणि नोकरी सोडून मुंबईस परतावे लागले. पुढे सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकीच्या वेतनातून त्यांनी पै-पै साठविली. शाहू महाराजांचे साह्य आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज घेऊन १९२० साली ते पुनः लंडनला गेले, आणि बॅरिस्टर होऊन १९२३ मध्ये परतले; डी. एस्सी. ही पदवीही त्यांस त्याच वर्षी मिळाली. शिष्यवृत्तीने त्यांस दार उघडून दिले. परंतु तिची मुदत केव्हा संपते आणि ती कशास बांधून घेते, या दोन गोष्टींची किंमत त्यांस मोजावी लागली. एवढ्या मोठ्या पुरुषास जी चुकली नाही, ती आपल्या मुलास चुकेल असे मानू नये.

आजच्या शिष्यवृत्तीपत्रात नोकरीचे बंधन क्वचित असते. तेथे बंधन असते ते गुणांचे. दर सत्रात अमुक श्रेणी राखली तरच माफी चालू राहील, असे वाक्य बहुधा शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असते. येथे मी माझ्या अनुभवाचे सांगतो. मराठी माध्यमातून गेलेला मुलगा कितीही हुशार असला तरी पहिले वर्षभर इंग्रजी निकालपत्रे वाचताना त्याची दमछाक होते. तिसऱ्या वर्षी तो सर्वांच्या पुढे जाईल. पण शिष्यवृत्ती जावयाची ती पहिल्याच वर्षी जाते. मग उरलेल्या चार वर्षांचे पूर्ण शुल्क भरणे आले, आणि खाजगी विद्यापीठाचे शुल्क नामांकित सरकारी संस्थेहूनही अधिक असू शकते. म्हणजे फुकटच्या वाटेने निघालेला मुलगा सर्वांत महागड्या ठिकाणी अडकून पडला. तेव्हा पत्र हाती येताच चार प्रश्न लेखी विचारावे : श्रेणीची अट कोणती? एका सत्रात ती चुकल्यास माफी कायमची जाते की पुढील सत्रात परत मिळते? वसतिगृह व भोजन माफीत आहे की केवळ शिक्षणशुल्क? आणि पुढील वर्षी शुल्क वाढविल्यास वाढीव रक्कम कोणी भरावयाची? गेल्या तीन वर्षांत किती मुलांची माफी मध्येच बंद झाली, हेही विचारावे. जी संस्था याचे उत्तर देण्यास का-कू करते, तिचे उत्तर मिळालेच असे समजावे.

आता कर्जाचा हिशेब करू. कारण नावाजलेल्या संस्थेचा पाच वर्षांचा खर्च बहुधा दहा लाखांच्या पुढे जातो, आणि तो कोठून तरी उभा करावयाचा असतो. समजा, दरवर्षी दोन लाख याप्रमाणे दहा लाखांचे कर्ज शेकडा दहा दराने घेतले. शिक्षणाची पाच वर्षे आणि त्यापुढील एक वर्ष हप्ता नाही. परंतु व्याज थांबत नाही. सरळ व्याजानेही ते चार लाख होते. सहाव्या वर्षाअखेर चौदा लाख देणे निघाले, आणि ते दहा वर्षांत फेडावयाचे तर दरमहा साडेअठरा हजारांचा हप्ता पडतो. आता उत्पन्नाकडे पाहा. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतीय बार कौन्सिलने शिफारस केली की, कनिष्ठ वकिलास शहरात दरमहा निदान २०,००० व ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन मिळावे. ही शिफारस आहे, सक्ती नव्हे. आणि एवढे तरी मिळाले तर पुष्कळ अशी अनेकांची स्थिती आहे. म्हणजे कारंज्याच्या वा वाशिमच्या न्यायालयात बसू इच्छिणाऱ्या मुलाची सारी मिळकत हप्त्याने गिळली, आणि वर घरून पैसे मागविण्याची पाळी आली.

याचा अर्थ असा की, कर्ज काढून नामांकित संस्थेत जाणाऱ्या मुलाने आपला व्यवसायही त्याच दिवशी ठरविला. त्यास मोठ्या विधिसंस्थेतच गेले पाहिजे. गावाकडच्या लोकांचे दावे लढवावे, न्यायाधीश व्हावे, असे त्याच्या मनात असले तरी हप्ता तसे करू देणार नाही. न्यायाधीश होण्याविषयी तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, या पदासाठी किमान तीन वर्षांची वकिली पुनः आवश्यक राहील. ही तीन वर्षे अत्यल्प मिळकतीची. आणि हप्ता सुरू होतो तोही याच काळात. ज्या मुलास न्यायासनाची ओढ आहे, त्याने पदवी घेताना निर्ऋण असणे हे संस्थेच्या नावाहून अधिक मोलाचे आहे.

तथापि ‘शिष्यवृत्ती नाही तर कर्ज’ अशा दोनच वाटा आहेत असे मानून निराश होऊ नये. काही नामांकित संस्था मिळकत पाहून शुल्कात सवलत देतात. परंतु अर्ज केल्यावाचून ती मिळत नाही, आणि मराठी माणूस अर्ज करण्यास संकोचतो. प्रा. शामनाद बशीर यांनी २०१० साली उभी केलेली आयडीआयए ही संस्था गरीब मुलांस विधी विद्यापीठांची प्रवेशपरीक्षा देण्यास आणि पुढे शिकण्यास साह्य करते. राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबास निम्म्या शिक्षणशुल्काची सवलत आहे, आणि २०२४-२५ पासून पात्र मुलींस ती पूर्ण करण्यात आली. मात्र खाजगी विद्यापीठे त्यातून वगळलेली आहेत. केंद्र सरकारच्या २०२४ च्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांतील मुलांस तारणावाचून कर्ज मिळते. आठ लाखांपर्यंतच्या उत्पन्नास व्याजात शेकडा तीनची सूट आहे. शिवाय १८५५ पासून चालत आलेले मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय आहे. तेथे स्वतः बाबासाहेब १९३५ साली प्राचार्य होते, आणि तेथील वार्षिक शुल्क आजही काही हजारांतच आहे. नाव मोठे आणि खर्च थोडा, अशी ठिकाणे महाराष्ट्रात अगदीच नाहीत असे नव्हे. मुंबईत राहण्याचा खर्च मात्र त्यात मिळवून पाहावा.

आता माझे मत सांगतो. मुलास मोठ्या विधिसंस्थेत काम करावयाचे आहे, संस्था खरोखर पहिल्या पंक्तीतील आहे, आणि सर्व सवलती वजा जाता उरणारे कर्ज तारणावाचून मिळत आहे, तर त्याने निःशंक नामांकित संस्थेत जावे. ज्याच्या पाठीशी कोणी नाही, त्यास ते नाव पाठीराख्याचे काम देईल. परंतु त्यासाठी शेत वा राहते घर गहाण ठेवावे लागत असेल, अथवा मुलाचे मन जिल्हा न्यायालयाकडे वा न्यायाधीशपदाकडे असेल, तर श्रेणीची अट सौम्य आहे एवढे पाहून शिष्यवृत्ती स्वीकारावी, आणि वाचलेल्या पैशातून सुट्टीच्या दिवसांत नागपूरच्या खंडपीठात एखाद्या चांगल्या वकिलाच्या हाताखाली काम शिकण्याची सोय करावी. श्रेणीची अट कठोर असेल तर दोन्ही सोडून अल्पशुल्काचे सरकारी महाविद्यालय बरे.

आणि एक विनंती पालकांस. हा हिशेब मुलाच्या पाठीमागे करू नका. शेत किती, कर्ज किती, बहिणीच्या शिक्षणास किती ठेवावयाचे, हे सतरा-अठरा वर्षांच्या मुलास स्वच्छ सांगावे. आपल्याकडे मुलाचे मन दुखू नये म्हणून आकडे लपविण्याची चाल आहे. आणि मग पाचव्या वर्षी, हप्त्याचा कागद हाती पडल्यावर, त्याचे मन एकदमच दुखते. ज्यास उद्या दुसऱ्यांची भांडणे निवडावयाची आहेत, त्यास आज आपल्या घरचा जमाखर्च समजण्याइतका मोठा खुशाल समजावा.