आजीचे सोवळे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवानिमित्त आपापल्या घरच्या वडील माणसांविषयी कोणीतरी चार शब्द बोलावेत, अशी कल्पना निघाली आणि कार्यकारिणीने ते काम आमच्यावर सोपविले. आमची सारी हयात केंद्र सरकारच्या फायलींवर टिपण्या लिहिण्यात गेली. टिपणीत 'मी' नसतो आणि गहिवराला तर मुळीच जागा नसते. तेव्हा हे बोलणे कोठे कोरडे वाटले तर तो सवयीचा दोष समजावा.

आमच्या आजीचे माहेर राहुरी तालुक्यातले, सासर नगरचे. १९७९ साली आजोबा गेले आणि आमचे वडील तिला दिल्लीस घेऊन आले. वडीलही सरकारी नोकरीतच होते. सरोजिनीनगरच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरात आम्ही पाच माणसे राहत होतो, आजी सहावी. ते जुने क्वार्टर आता पाडले गेले आहेत. आजीने बरोबर आणले ते फार थोडे. एक पितळी डबा, रांगता बाळकृष्ण, विठोबा-रखुमाईची तसबीर आणि लाल फडक्यात बांधलेली दोन पुस्तके. एक ज्ञानेश्वरी. दुसरे लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे'.

आजीचे सोवळे कडक होते. दिल्लीच्या जानेवारीत, जेव्हा आम्ही रजईतून नाकही बाहेर काढीत नसू, तेव्हा ती पहाटे थंड पाण्याने स्नान करून ओलेत्याने स्वयंपाकघरात शिरे. देव तेथेच फडताळात, पिण्याच्या पाण्याचा हंडाही तेथेच. पारोशा माणसाने उंबरठा ओलांडायचा नाही. परक्या हातचे पाणी ती घेत नसे. आमची आई सकाळी साडेआठला कचेरीची बस पकडणारी. हे सारे तिने कसे निभावले ते तिने कधी सांगितले नाही, आणि आम्हीही, खरे सांगायचे तर, कधी विचारले नाही.

पण हीच आजी दुपारी दुसरीच होई. त्या काळी आपल्या मुलखातून आयुर्विज्ञान संस्थेत उपचारासाठी येणारी माणसे कोणाचा तरी पत्ता खिशात घालून दिल्लीस उतरत. पुष्कळांच्या खिशात आमचा पत्ता असे. आजी त्यांच्यासाठी मऊ भात, ताक आणि लिंबाचे लोणचे डब्यात भरून पायी इस्पितळात जाई. तिला हिंदी येत नव्हते, वाचता येई ते देवनागरी, म्हणून पाट्यांवर तिचे भागे. रोग्याची जात तिने विचारलेली आम्हांला आठवत नाही. द्यायला कोणीही चाले. घ्यायला मात्र कोणी चालत नसे. ही विसंगती आम्हांला लहानपणी फार बोचे. आम्ही तिला तसे म्हटलेही. ती म्हणाली, "अरे, एवढं शहाणं व्हायला वेळ लागतो बाळ."

पुढे तिला मोतीबिंदू झाला आणि दुपारी वाचून दाखविण्याची पाळी आमच्यावर आली. ज्ञानेश्वरी तिला बरीचशी पाठ होती. म्हणून वाचायचे ते 'स्मृतिचित्रे'. या पुस्तकाचा आमच्या घरात एक इतिहास होता. आजोबांना ते घरात नको होते. बाटलेल्या बाईचे पुस्तक म्हणून. आजीने ते धान्याच्या कोठीमागे ठेवून वाचले होते.

लक्ष्मीबाईंची हकीगत आपणांस ठाऊक आहेच, पण नव्या पिढीसाठी थोडक्यात सांगतो. त्यांचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडिलांचे सोवळे इतके पराकोटीचे की बाजारातून आलेली चीज धुतल्यावाचून घरात यायची नाही. अकराव्या वर्षी लग्न झाले नारायण वामन टिळकांशी. १८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि ही बाई लहान मुलाला घेऊन काही वर्षे नवऱ्यापासून दूर राहिली. त्यांतला काही काळ पंढरपुरात, नातलगांकडे. पुढे ती नवऱ्याजवळ गेली, तीही आपली चूल वेगळी ठेवून. तिचे सोवळे सुटले ते कोणाच्या उपदेशाने नव्हे. राहुरीच्या मुक्कामात तिच्या मनानेच प्रश्न विचारला की ही जात देवाने केली की माणसाने, आणि उत्तरही मनानेच दिले. १९०० साली तिने बाप्तिस्मा घेतला. नंतर प्लेगच्या छावणीत तिने रोगी सांभाळले, अनाथ मुले पोटच्या पोरांसारखी वाढविली, आणि १९१९ साली टिळक वारल्यावर त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुढे चालविले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईने हे केले.

उतारवयात लक्ष्मीबाई मुलाच्या, देवदत्तांच्या, संसाराबरोबर कराचीस जाऊन राहिल्या होत्या. हे आले की आजी आम्हांला थांबवी. परमुलखात मुलाच्या बिऱ्हाडी राहणारी म्हातारी हा विषय तिच्या जिव्हाळ्याचा होता. आणि राहुरीचे प्रकरण तर ती पुन्हा पुन्हा वाचावयास लावी. ते तिच्या माहेरचे गाव म्हणून, अशी आमची समजूत होती.

आता १९८४ साल. ३१ ऑक्टोबरला पंतप्रधान इंदिरा गांधी यांची हत्या झाली. त्यांना आयुर्विज्ञान संस्थेत नेले होते आणि शिखांवरील हल्ल्यांना त्याच संध्याकाळी त्या परिसरातून आरंभ झाला. पुढचे तीन दिवस या शहरात काय झाले ते आपल्यातील ज्येष्ठांनी पाहिले आहे. सरकारी आकड्याप्रमाणे एकट्या दिल्लीत २,७३३ माणसे मारली गेली. आम्ही तेव्हा चौदा वर्षांचे होतो. गच्चीवरून धूर दिसे आणि जळत्या टायरांचा वास खोलीत येई.

आमच्या जिन्यात वरच्या मजल्यावर एक सरदारजी राहत. आमच्या वडिलांसारखेच कारकून. नवरा, बायको, दोन मुली. १ नोव्हेंबरला दुपारी वडिलांनी त्यांना खाली आणले. प्रश्न पडला, ठेवायचे कोठे? दोन्ही खोल्यांच्या खिडक्या रस्त्यावर. मागे, अंगणाच्या बाजूला, आडोसा असलेली जागा एकच, ती म्हणजे स्वयंपाकघर. वडील आईकडे पाहू लागले, आई वडिलांकडे. तोंड उघडण्याची दोघांचीही छाती झाली नाही. आजीने हे पाहिले, उठली, स्वयंपाकघराचे दार उघडले आणि त्या चौघांना हाताने धरून आत नेले. सरदारजींना बसविले ते देवाच्या फडताळाखाली, कारण तेथे भिंतीचा आडोसा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चारपाच माणसे जिना चढून आली. हातांत सळया होत्या. वरच्या दाराला कुलूप पाहून ती आमच्याकडे वळली. आजी नुकतीच न्हालेली, नऊवारी ओलेते नेसलेली, तशीच दारात उभी राहिली. दोन्ही हात चौकटीला लावून आपल्या मोडक्या हिंदीत ती म्हणाली, "अंदर सोवळं है. मेरे चौके में कोई नहीं आता. पूजा है." माणसे घुटमळली. त्यांतल्या एकाने "माताजी" म्हणून हात जोडले आणि ती खाली उतरली. आजी जन्मात खोटे बोलली नाही याचा तिला अभिमान असे. त्या दिवशीही ती काही फारसे खोटे बोलली, असे आम्हांला वाटत नाही.

तिसऱ्या दिवशी आईला ताप भरला. सरदारीणबाईंनी न विचारता कणीक भिजविली, पोळ्या लाटल्या आणि मग एकदम काही लक्षात येऊन, हात आखडून, आजीकडे पाहत उभ्या राहिल्या. आजीने आपले ताट पुढे केले. त्या बाईच्या हातची पोळी तिने देवाला दाखविली आणि खाल्ली. हंड्यातले पाणीही त्यांच्याच हातून मागून घेतले. त्यानंतर सोवळे संपले, असे मात्र झाले नाही. पहाटेचे स्नान तसेच चालू राहिले. फक्त उंबरठ्यावर कोणाला थांबविणे बंद झाले. आठवड्याने तिने आम्हांला पुस्तक काढावयास सांगितले. राहुरीचे प्रकरण काढू का, असे आम्ही विचारले. ती म्हणाली, "नको, ते झालं. पुढचं वाच."

आजी १९९८ साली गेली, चौऱ्यांशी वर्षांची होऊन. तेराव्याला ते सरदार कुटुंब आले होते. धाकटी मुलगी आता नोएडात राहते. 'सोवळं' हा एक मराठी शब्द तिला अजून येतो.

जे खरे सांगावयाचे ते आता सांगतो. 'स्मृतिचित्रे' १९३४ सालापासून चार भागांत निघाले. शेवटचा भाग पुरा होण्यापूर्वीच, १९३६ साली, लक्ष्मीबाई गेल्या आणि राहिलेले काम मुलाने तडीस नेले. आजीला हे ठाऊक होते. अखेरच्या वर्षी ती हसत म्हणे, "तिला दत्तू होता रे. माझं कोण लिहून घेणार?" आम्ही तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे, बी. ए. होऊन नोकरीस लागलेले, खात्याच्या परीक्षेच्या मागे. "पुढच्या सुट्टीत लिहून घेतो, आजी," असे आम्ही किती वेळा म्हटले त्याची गणती नाही. घरात टेपरेकॉर्डर होता. त्यावर आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवातील आरत्या, नाटकांतील पदे, सारे भरून ठेवले होते.

या समारंभासाठी जुनी छायाचित्रे शोधताना ती एक कॅसेट सापडली. मुलाने कोठूनतरी यंत्र आणून ती वाजवून दाखविली. पहिली बाजू आरत्यांची. दुसऱ्या बाजूला शेवटी थोडी खरखर आहे, भांड्याचा आवाज आहे, आणि मग आजीचा स्वर येतो, "बंद कर रे ते यंत्र, दूध उतू जातंय."

आमच्याजवळ तिचा आवाज एवढाच आहे.