मानेतली शीर आणि नेफ्यातली नाडी
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



रोगी बाहेर बाकावर कसा बसला आहे, यावरून कधीकधी निम्मं निदान होतं. मध्यंतरी शिवणकाम करणाऱ्या एक ताई आल्या. उजवा हात डोक्यावर ठेवून बसलेल्या; पदर सावरायचा तोही डाव्या हाताने. विचारलं तर म्हणाल्या, "मॅडम, हात खाली सोडला की कळ येते. असा ठेवला की बरं वाटतं." हात डोक्यावर नेला की मानेतून निघणाऱ्या शिरेवरचा ताण सैल होतो. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्याआधी खांद्याला बाम, कोपराला शेक, मनगटाला पट्टा असं सगळं करून झालं होतं. मानेकडे कुणी पाहिलं नव्हतं, कारण मान फारशी दुखतच नव्हती.

मानेत मणके सात, पण शिरांच्या जोड्या आठ. मणक्यांलगतच्या वाटेने त्या बाहेर पडतात आणि त्यांतल्या खालच्या हातात उतरतात. तरुणपणी बहुधा मणक्यांमधल्या चकतीचा गर सरकून शीर दाबतो. उतारवयात मणक्याच्या कडेला हाड वाढून वाट अरुंद होते. दाबापेक्षा भोवतालची सूजच अनेकदा जास्त छळते. अंगठ्याला मुंग्या आल्या तर संशय सहाव्या शिरेवर, मधल्या बोटाला आल्या तर सातव्या, करंगळीला आल्या तर आठव्या. सर्वांत जास्त वेळा सापडते ती सातवी. पण मनगटात शीर दबली तरी बोटं बधिर होतातच, म्हणून बोटांवरून घरी निदान करू नका.

आता उपचार. पहिला प्रश्न ठरलेला: "मशीन कोणतं लावणार?" शेकाने आखडलेले स्नायू सैल होतात, तेवढंच त्याचं काम. वजन लावणं, म्हणजे ट्रॅक्शन, थोडं पुढचं. रोगी उताणा, मान किंचित पुढे झुकलेली, हनुवटीखाली आणि डोक्यामागे पट्टा. चार-पाच किलोपासून सुरुवात. शिरेची वाट तेवढ्यापुरती मोकळी होते. त्याचा उपयोग व्यायामाच्या जोडीने होतो, नुसत्या वजनाने फारसा नाही. दाराला दोरी आणि विटा टांगून घरी हा प्रयोग करू नका. हाडं ठिसूळ असतील किंवा संधिवात असेल तर मुळीच नको. केस कापून झाल्यावर मान कडकन मोडून घेणंही सोडा. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या तिथूनच जातात.

व्यायामातला एक आत्ता बसल्या जागी करू. ताठ बसा. समोर बघत हनुवटी सरळ मागे न्या, दुहेरी हनुवटी दिसेल अशी. मान खाली घालायची नाही. पाच आकडे मोजा, सोडा. मानेच्या पुढच्या बाजूचे खोलवरचे स्नायू यात जागे होतात. हातात कळ उतरली तर लगेच थांबा.

दुसरा व्यायाम शिरेचा. पायजम्याच्या नेफ्यात नाडी सरकते, तशी शीर आपल्या वाटेत सरकायला हवी. नाडी अडकली म्हणून दोन्ही टोकं खेचली तर गाठ घट्टच बसते. एक टोक ओढावं, दुसरं सैल सोडावं. तसंच इथे: हात बाजूला पसरून मनगट मागे वाकवताना मान त्याच हाताकडे कलवायची, मनगट सोडताना पलीकडे. हळूहळू, कळ न येऊ देता, आणि आधी समोर कुणीतरी शिकवल्यावरच.

आठ-दहा दिवसांनी त्या ताई तक्रार घेऊन आल्या: "हाताची कळ कोपराच्या वर गेली, पण आता मान दुखते!" मी म्हटलं, पेढे वाटा. दुखणं बोटांकडून मानेकडे परत यायला लागलं, की ते उतरणीला लागलं असं आम्ही समजतो. उलट मान बरी आणि बोटं जास्त बधिर, तर व्यायाम बदलायला हवा.

मानेच्या पट्ट्याबद्दलही विचारतात. 2009 मध्ये नेदरलँड्समधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नव्याने दुखणं सुरू झालेल्या 205 रोग्यांचे तीन गट केले: एकाला पट्टा आणि विश्रांती, दुसऱ्याला व्यायाम, तिसऱ्याला नुसती वाट पाहा. सहा आठवड्यांनी पहिल्या दोन गटांचं दुखणं तिसऱ्यापेक्षा स्पष्ट कमी होतं. सहा महिन्यांनी मात्र तिन्ही गट सारखे! मग आम्ही कशाला, असं तुम्ही म्हणाल. कारण ते सहा आठवडे कुणाला चुकत नाहीत. रात्रीची झोप, शिलाई मशीनवरचा हात, घरखर्च हे सगळं त्याच दिवसांत निभवायचं असतं. बरं करण्याचं बरंचसं काम शरीर करतं. तोवर दुखणं सोसण्याजोगं ठेवणं आणि मान आखडू न देणं, हे आपलं काम. पट्टाही त्या अभ्यासात तीन आठवडे वापरून पुढच्या तीन आठवड्यांत सोडवला होता. वर्षभर दागिन्यासारखा घालायची ती वस्तू नाही.

शेवटी एकच विनंती. शर्टाचं बटण लावताना बोटं चुकू लागली, चालताना तोल जाऊ लागला, हातातली भांडी सुटू लागली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर हा साधा शिरेचा दाब नाही. मज्जारज्जू दबत असू शकतो. अशा वेळी शेक नको, वजन नको, माझा दवाखानाही नको. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.