घरच्या संगणकासाठी बिनतारी डिस्क निवडताना

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील भाषण)



शाळेचे दप्तर म्हटले म्हणजे पूर्वी लोखंडी कपाट डोळ्यांपुढे उभे राही. जनरल रजिस्टर, हजेरीपत्रके, निकालपत्रके, आवक-जावक नोंदवह्या ही सारी त्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांपाशी. जनरल रजिस्टर आजही कपाटातच आहे. परंतु निकालाची कोष्टके, यू-डायसच्या माहितीचे तक्ते, प्रश्नपत्रिका व स्नेहसंमेलनाची छायाचित्रे ही पुष्कळशा शिक्षकांच्या घरच्या संगणकात येऊन बसली आहेत. त्यांच्याच शेजारी मुलीच्या बारशाची छायाचित्रे असतात, आजोबांच्या आवाजातील एखादे ध्वनिमुद्रण असते, घराच्या कर्जाचे कागद असतात. कपाटाला वाळवी लागली तर भुसा खाली पडतो व माणूस सावध होतो. संगणकातील डिस्क मात्र आदल्या रात्रीपर्यंत नीट चालून सकाळी कायमची बंद पडू शकते.

अमेरिकेतील बॅकब्लेझ ही कंपनी लोकांच्या मजकुराच्या राखीव प्रती सांभाळण्याचा व्यवसाय करते आणि स्वतःकडील डिस्का किती निकामी झाल्या याचा हिशेब वेळोवेळी प्रसिद्ध करते. २०२३ सालचा तिचा वार्षिक आकडा १.७० टक्के होता. शंभरांत दोनही नव्हेत, म्हणून कोणी निर्धास्त होईल. तथापि ज्या गृहस्थाजवळ डिस्क एकच आहे, त्याच्या बाबतीत हे प्रमाण एक तर शून्य तरी असते किंवा शंभर तरी.

राखीव प्रत, ज्यास संगणकाच्या व्यवहारात बॅकअप म्हणतात, ती ठेवावी हे सर्वांस ठाऊक आहे. ती ठेवली जात नाही, त्याचे कारण अज्ञान नव्हे, कंटाळा होय. डिस्क कपाटात असते, तिची वायर दुसऱ्याच कुठल्या खणात असते, लॅपटॉप माजघरातून ओसरीवर फिरत असतो, आणि रविवार संपून जातो. बिनतारी डिस्कचा खरा गुण या ठिकाणी आहे. ती घरात एका जागी राहते. संगणक चालू असला व घरच्या वाय-फायला जोडलेला असला म्हणजे प्रत आपोआप निघते. कोणी आठवण ठेवावी लागत नाही.

परंतु ‘बिनतारी डिस्क’ या एका नावाखाली दुकानात दोन वेगळ्या वस्तू विकल्या गेल्या आहेत आणि त्यांतील भेद न जाणल्यामुळे गिऱ्हाईक फसते. पहिली वस्तू खिशात मावणारी, आत बॅटरी असलेली. सीगेट कंपनीने २०११ साली गोफ्लेक्स सॅटेलाइट या नावाने अशी डिस्क आणली. ती स्वतःचे लहानसे वाय-फाय निर्माण करते व प्रवासात मोबाईल किंवा टॅब्लेटवर चित्रपट पाहण्यास, छायाचित्रे उतरवून घेण्यास उपयोगी पडते. घरच्या संगणकाची रोजची राखीव प्रत ठेवणे हा तिचा धर्म नव्हे. दुसरी वस्तू घरात बसून राहणारी. ती वायरने राउटरला जोडलेली असते आणि घरातील सर्व संगणक बिनतारी मार्गाने राउटरपर्यंत व तेथून तिच्यापर्यंत पोहोचतात. म्हणजे बिनतारी असतो तो संगणक. डिस्कला विजेची एक व राउटरची एक अशा दोन वायरी असतातच. राखीव प्रतीसाठी घ्यावयाची ती ही दुसरी.

या दुसऱ्या प्रकारातील एक नामांकित उदाहरण पाहण्यासारखे आहे. ॲपल कंपनीने जानेवारी २००८ मध्ये टाइम कॅप्सूल हे उपकरण जाहीर केले. राउटर आणि डिस्क एकाच पांढऱ्या पेटीत बसविलेली. आरंभी ५०० गिगाबाइट व १ टेराबाइट अशी दोन मापे. २००७ साली त्याच कंपनीने मॅक संगणकांना टाइम मशीन हा प्रोग्राम दिला होता, त्याच्याशी या पेटीची जोडी होती. तो प्रोग्राम दर तासाला बदललेल्या मजकुराची प्रत घेई; मागील चोवीस तासांच्या तासातासाच्या प्रती, मागील महिन्याच्या रोजच्या प्रती, आणि त्यापूर्वीच्या आठवड्या-आठवड्याच्या प्रती, जागा पुरेल तोवर जपून ठेवी. २०१८ साली ती पेटी कंपनीने बंद केली. तिची रचना सुंदर होती यात शंका नाही. पण राउटर व डिस्क एकाच पेटीत कोंडलेली आणि गिऱ्हाइकाने स्वतः डिस्क बदलावी अशी सोय नाही, हा तिचा मोठाच दोष म्हटला पाहिजे. डिस्क काही वर्षांनी जाणारच, हे गृहीत धरून जी पेटी बनविलेली नसते ती राखीव प्रतीच्या कामाला अपुरी पडते. यास्तव ज्या पेटीचे झाकण उघडून बाजारातील साधी डिस्क बसविता येते ती पेटी, दोन पैसे अधिक पडले तरी, पसंत करावी.

टाइम मशीनच्या वर्णनात जो ‘मागील प्रती’चा उल्लेख आला, त्यावर थोडे थांबले पाहिजे, कारण निवडीतील निम्मे शहाणपण तेथे आहे. समजा, एका शिक्षकाने पाचवीच्या निकालाचे कोष्टक तयार करून चुकून ते चौथीच्या कोष्टकाच्या नावाने साठविले. चौथीचे कोष्टक नाहीसे झाले. ही गोष्ट दहा दिवसांनी, पालक दाखला मागावयास आले तेव्हा ध्यानात आली. त्याची बिनतारी डिस्क जर केवळ ‘संगणकात आहे तसे तेथे’ इतकेच करणारी असेल, तर तिने चुकीचे कोष्टकही तत्परतेने उचलले असणार व बरोबर असलेले पुसले असणार. आरसा समोरचे रूप दाखवितो, कालचे दाखवीत नाही. ज्या डिस्कबरोबर जुन्या आवृत्त्या तारीखवार राखणारा प्रोग्राम चालतो तीच राखीव प्रतीची डिस्क. विंडोज संगणकात २०१२ सालच्या विंडोज ८ पासून फाइल हिस्टरी नावाची अशी सोय आलेली आहे. ती घरच्या वाय-फायवरील डिस्कवरही प्रती ठेवू शकते. एकाच पेटीत दोन डिस्का असून दोन्हींवर तोच मजकूर उमटतो अशी उपकरणेही मिळतात. एक डिस्क बिघडली तर दुसरी तारते, एवढाच त्यांचा लाभ. चुकून पुसलेला मजकूर दोन्हींवरून एकाच क्षणी जातो.

आता वेगाचा विचार. जाहिरातीत वाय-फायचा वेग मेगाबिटांत सांगतात आणि डिस्कवरील मजकूर मोजतात तो बाइटांत. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे ३०० मेगाबिट हा आकडा प्रत्यक्षात सेकंदाला साडेसदतीस मेगाबाइट होतो, आणि भिंती, अंतर व शेजाऱ्यांची वाय-फाय यांमुळे त्याचाही बराच भाग वाटेत जिरतो. वरच्या वर्गांना घालण्यासारखे गणित आहे: ५०० गिगाबाइट मजकूर सेकंदाला २० मेगाबाइट या वेगाने जाऊ लागला तर २५,००० सेकंद, म्हणजे जवळजवळ सात तास लागतील. मध्ये दोन जाड भिंती आल्या व वेग ५ मेगाबाइटवर आला, तर १,००,००० सेकंद, म्हणजे पावणेअठ्ठावीस तास. तोच मजकूर वायरने सेकंदाला १०० मेगाबाइट वेगाने दीड तासाच्या आत जातो. म्हणून पहिली संपूर्ण प्रत संगणक राउटरला वायरने जोडून घ्यावी आणि पुढील रोजचे थोडथोडे बदल बिनतारी मार्गावर सोडावेत. पहिल्या प्रतीच्या वेळी वीज जाणे हे मोठे विघ्न. राउटर व डिस्क या दोहोंपुरता एक लहान यूपीएस घेतल्यास खर्च वाया जात नाही.

मापाविषयी फार बोलण्याचे कारण नाही. घरातील सर्व संगणकांत मिळून जेवढा मजकूर आहे त्याच्या दुपटीहून कमी माप घेऊ नये. १ टेराबाइटची डिस्क विंडोजमध्ये ९३१ गिगाबाइट दिसते. ती दुकानदाराची लबाडी नव्हे. डिस्क बनविणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १,०२४ च्या पटीत मोजते, इतकेच.

दुकानदारास जो प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही, तो असा: या पेटीची निर्माती कंपनी तिच्या आतील प्रोग्रामची दुरुस्ती आणखी किती वर्षे करीत राहणार आहे? बिनतारी डिस्क ही नुसती डिस्क नसते. तो एक लहानसा संगणकच असतो, आणि जगाशी जोडलेल्या प्रत्येक संगणकात पुढेमागे चोरवाटा सापडतात. वेस्टर्न डिजिटल कंपनीची माय बुक लाइव्ह ही घरगुती डिस्क याचे कठोर उदाहरण आहे. तिच्यासाठी शेवटची दुरुस्ती २०१५ साली निघाली. लोक ती पुढेही वापरीत राहिले. वापरू नये असे तिच्याकडे पाहून वाटण्यासारखे काहीच नव्हते. जून २०२१ मध्ये निरनिराळ्या देशांतील कित्येकांना एका सकाळी आपली डिस्क रिकामी दिसली. इंटरनेटवरून आत शिरलेल्या दुर्जनांनी पासवर्ड न विचारता डिस्कला ‘कारखान्यातून आल्यासारखी कोरी हो’ ही आज्ञा देण्याची वाट शोधून काढली होती. कंपनीने पुढे मजकूर परत मिळविण्यासाठी साहाय्य देऊ केले. परंतु ज्यांनी संगणकातील मूळ मजकूर पुसून तो फक्त या डिस्कवर ठेवला होता, त्यांच्यापुरती ती राखीव प्रत कधी नव्हतीच. मूळ प्रतच एका पेटीतून दुसऱ्या पेटीत हलविली गेली होती.

बाहेरगावाहून घरची डिस्क पाहता येण्याची सोय अशा उपकरणांत मोठ्या कौतुकाने दिलेली असते. ज्यास तिची गरज नाही त्याने ती पहिल्याच दिवशी बंद करावी. पेटीबरोबर आलेला पासवर्डही त्याच दिवशी बदलावा.

हे सर्व पाळूनही एक उणीव राहतेच, आणि ती बिनतारी डिस्कच्या गुणातूनच उत्पन्न होते. ती सदैव जोडलेली असते, म्हणून संगणकावर येणारे संकट तिच्यावरही येते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने जगभरातील संगणकांचा मजकूर कुलूपबंद केला, तेव्हा संगणकाला जोडलेल्या डिस्काही त्यातून सुटल्या नाहीत. आणि संकट नेहमी तारेतूनच येते असे नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांत घराघरांत पाणी शिरले. संगणक टेबलावर आणि डिस्क त्याच टेबलाच्या खालच्या फळीवर, अशी मांडणी असेल तर पाणी दोघांत भेद करीत नाही. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला एक नियम या कामी प्रसिद्ध आहे: मजकुराच्या प्रती तीन, साधने दोन प्रकारची, आणि एक प्रत घराबाहेर. संगणकातील मूळ मजकूर ही एक, बिनतारी डिस्कवरील ही दुसरी. तिसरीसाठी वायरची साधी, स्वस्त डिस्क घ्यावी व ती भावाच्या घरी किंवा अन्यत्र सुरक्षित ठिकाणी ठेवावी. हिशेब असा करावा की, बिनतारी डिस्कसाठी जी रक्कम काढून ठेवली असेल तीतच ही दुसरी डिस्क बसली पाहिजे. बसत नसेल तर बिनतारी डिस्क लहान मापाची घ्यावी. दुसरी डिस्क गाळू नये.

घराबाहेर ठेवावयाच्या डिस्कवर विद्यार्थ्यांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक असतील तर ती संकेताने कुलूपबंद केलेली असावी. २०२३ सालच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीविषयी अधिक काळजी सांगितली आहे. आणि कायदा नसता तरी पालकांनी ती माहिती शाळेच्या विश्वासावर दिलेली असते. कुलपाचा पासवर्ड कागदावर लिहून घरातील दुसऱ्या एका जबाबदार माणसास ठाऊक असेल अशा जागी ठेवावा. पासवर्ड जाणणारा गृहस्थच आजारी पडल्यामुळे छायाचित्रे कायमची बंद झाली, असे घडावयास वेळ लागत नाही.

एवढ्यावर खरेदी पुरी झाली असे समजू नये. पिक्सार या अमेरिकन चित्रसंस्थेत १९९८ साली ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाच्या कामाचा बराच मोठा भाग एका चुकीच्या आज्ञेने पुसला गेला. संस्थेत राखीव प्रतींची व्यवस्था होती. गरज पडली तेव्हा कळले की, ती नीट चाललेलीच नव्हती. गॅलिन सुसमन या तंत्रविभागातील प्रमुख बाई बाळंतपणानंतर घरून काम करीत होत्या. त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची एक प्रत होती, तिने काम तारले. तेव्हा डिस्क घरी आल्यावर, दुकानदाराची बदलून देण्याची मुदत संपण्याच्या आत, एक परीक्षा घ्यावी. संगणकावर दहा-वीस छायाचित्रांचा व एखाद्या कोष्टकाचा लहान संच करावा, त्याची प्रत निघू द्यावी, कोष्टकात काही आकडे बदलून दुसऱ्या दिवशीची प्रतही निघू द्यावी, मग मूळ संच पुसावा आणि घरातील दुसऱ्याच एखाद्या संगणकावर तो डिस्कवरून परत आणावा. आदल्या दिवशीचे कोष्टक व नंतरचे कोष्टक अशी दोन्ही परत आली, छायाचित्रे उघडली, तर डिस्क ठेवावी. न आल्यास रंगरूपाकडे न पाहता परत करावी. याच वेळी हेही विचारून घ्यावे की, पेटी जळाली पण आतली डिस्क शाबूत राहिली, तर ती डिस्क साध्या संगणकाला लावून वाचता येईल काय. पुष्कळ पेट्या आतील डिस्क अशा पद्धतीने आखतात की विंडोजला ती सरळ वाचता येत नाही; त्यासाठी निराळा प्रोग्राम लागतो, आणि तो कोणता हे आधीच लिहून ठेवलेले बरे.

वायरच्या डिस्कवर महिन्यातून एकदा प्रत घ्यावी. वेतन जमा झाल्यानंतरचा पहिला रविवार ठरवून टाकला तर दिवस चुकत नाही. प्रत पुरी झाली की वायर काढावी, डिस्कवर चिकटविलेल्या कागदावर तारीख लिहावी, आणि डिस्क त्याच संध्याकाळी पुन्हा तिच्या जागी पोहोचवावी.